नाण्यांवरील उपठसे (विदर्भ)

टांकसाळीतून बाहेर पडलेल्या नाण्यावर नंतर कुणीतरी मारलेली खूण म्हणजे उपठसा. फूल, चांदणी, त्रिशूळ, एखादे अक्षर, कधी नुसता टोचा. विदर्भाच्या खेड्यांत असे रुपये आजीच्या हमेलीत (नाण्यांच्या माळेत), देव्हाऱ्यात, नाहीतर पावसाळ्यात वावर वखरताना सापडतात. खूण दिसली की गुप्तधनाची कुजबुज सुरू होते. बहुतेक वेळा ती खूण सराफाची असते.

भोसल्यांचा नागपुरी रुपया, निजामाचा रुपया आणि जुने मोगली रुपये पूर्वी या मुलखात शेजारीशेजारी चालत. प्रत्येकाचा कस वेगळा, म्हणून बट्टाही (बदलून घेताना होणारी कपातही) वेगळा. सराफ रुपया वाजवून, तोलून बघे आणि खरा निघाला की त्यावर आपला बारीक ठसा मारी. तोच रुपया फिरून आला तर पुन्हा तपासायला नको. आत तांब्याचा गाभा तर नाही ना, हे पाहण्यासाठी मारलेले टोचे जास्त खोल असतात. कंपनी सरकारने १८३५ मध्ये ११.६६ ग्रॅमचा एकसारखा रुपया काढला आणि पुढे या कामाची गरज ओसरली.

उपठसा राजाचाही असू शकतो. नाशिकजवळच्या जोगळटेंभीत १९०६ मध्ये सापडलेल्या तेरा हजारांवर नाण्यांपैकी दोनतृतीयांशांहून अधिक नाण्यांवर, म्हणजे पश्चिम भारतातला शक राजा क्षत्रप नहपान याच्याच चांदीवर, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे उमटवली होती : एका बाजूला कमानींचा डोंगर, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह, म्हणजे चार टोकांना गोळे असलेली फुली. वाशिम जिल्ह्यातल्या तऱ्हाळ्याला १९३९ मध्ये मिळालेल्या दीड हजारांहून अधिक सातवाहन नाण्यांवरही उज्जैन चिन्ह आहे, पण तिथे ते नाण्याचे मूळचेच. पुढच्या बाजूला हत्ती. चिन्ह एकच, काम निराळे. म्हणून ‘ही खूण कशाची’ याआधी ‘ही खूण आधीची की नंतरची’ हे विचारावे.

त्यासाठी मोबाइलची टॉर्च नाण्याच्या अगदी कडेला आडवी धरावी. नंतरचा ठसा मूळ अक्षरे चिरडून बसलेला दिसतो, त्याच्या काठाशी धातू किंचित वर उचललेला असतो आणि नाणे उलटले की बरोबर त्याच जागेमागची नक्षी अनेकदा चपटी झालेली सापडते. कडी उपटल्यावर राहिलेला डाक (झाळ) आणि बुजवलेले भोक हेही लांबून ठशासारखेच वाटतात. मळलेल्या कणकेवर नाणे हलके दाबले तर पुसट खूण उठून येते; अक्षर मात्र उलटे उमटते. चिंच आणि राख लावून घासणे तेवढे टाळावे. खाचेतले किट आणि नाण्यावरचे किट सारखे आहे की नाही, यावरून ठसा जुना की कालचा हे कळते; घासले की तो पुरावा गेला. मुख्य म्हणजे आहत नाण्यांवरचे (धातूच्या तुकड्यावर एकेक चिन्ह ठोकून घडवलेल्या प्राचीन नाण्यांवरचे) ठसे हे उपठसे नव्हेत, तेच त्यांचे नाणेपण. पाठीमागच्या चिमुकल्या खुणा तपासनिसांच्या असाव्यात, असे बरेच अभ्यासक मानतात.

आकडे ठोकलेले पितळी बिल्ले ही नाणीच नव्हेत. गिरणी-कारखान्यांत हजेरीला, हत्यारे द्यायला-घ्यायला ते वापरत, आणि आकडा बहुधा कामगाराचा किंवा वस्तूचा.

सराफी ठशांची पूर्ण यादी कुठेच नाही. ‘सराफी ठसा, सराफ अज्ञात’ एवढीच नोंद पुष्कळदा प्रामाणिक असते. याउलट ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ असे कोरलेला रामदरबाराचा अर्धा आणा लाखांना विकू पाहणारे गावोगाव भेटतात. कंपनीने असे नाणे कधी पाडलेच नाही. तांदूळ ओढणारे नाणे हीदेखील शुद्ध फसवणूक.

जमिनीत पुरलेला, दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा मिळाल्यास १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. जुनी नाणी पाहायची तर नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय आहे. खेड्यातला माणूस त्याला अजूनही अजब बंगलाच म्हणतो.