पी-व्हॅल्यू ०.०५ म्हणजे ९५ टक्के खात्री नव्हे

‘पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली आली, म्हणजे निष्कर्ष खरा असण्याची शक्यता ९५ टक्के,’ हे वाक्य संशोधनाचे निकाल तपासायच्या या संख्याशास्त्रीय आकड्याबद्दल वर्षानुवर्षं फिरतं आहे. ऐकायला पटतं, पण त्यात प्रश्न उलटा झालाय.

पी-व्हॅल्यू काढताना आपण शोधतोय तो परिणाम शून्य आहे, म्हणजे मुळात नाहीच, असं आपण आधीच धरून चालतो. मग विचारतो: तसं असताना हाती आलेली किंवा त्याहून टोकाची आकडेवारी किती वेळा दिसेल? नाणं २० वेळा उडवून १५ छापे आले, तर दोन्ही टोकं (१५ किंवा जास्त छापे, किंवा तितकेच काटे) धरून पी-व्हॅल्यू सुमारे ०.०४१. म्हणजे निर्दोष नाणंसुद्धा शंभरात चारेक वेळा इतकं झुकलेलं दिसतं. ते सदोष असण्याची शक्यता ९६ टक्के, असं यातून निघत नाही.

पडताळा कागदावर घेता येतो. १,००० कल्पना तपासल्या, त्यांतल्या १०० खऱ्या. चाचणी खरा परिणाम ८० टक्के वेळा पकडत असेल, तर ८० सापडतील. उरलेल्या ९०० पैकी ५ टक्के, म्हणजे ४५, निव्वळ योगायोगाने ०.०५ च्या खाली येतील. एकूण १२५ निकालांत ४५ चुकीचे, तब्बल ३६ टक्के! खऱ्या कल्पना ५०० धरून बघा, हेच प्रमाण ६ टक्क्यांवर येतं. सुरुवातीला किती कल्पना खऱ्या होत्या, हा आकडा पी-व्हॅल्यूच्या गणितात कुठेच नसतो.