कंपनीचा स्मोक्ड टेल लाइट आणि घरी काळा केलेला टेल लाइट

चवथीच्या आठ दिवस आधी भाचा डिचोलीहून आला, तो गाडीचे मागचे दिवे काळे करूनच. म्हणाला, "मामा, हल्ली कंपनीच स्मोक्ड, म्हणजे धुरकट काचेचे दिवे देते. मी तेच घरी केलं." हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय, म्हापशात ॲक्सेसरीच्या दुकानांतसुद्धा, की आता एकदा लिहूनच काढतो. ते 'तेच' नाही. दिसायला सारखं आहे, एवढंच.

घरी काळं कसं करतात हे तुम्हाला माहीत असेलच. साबणाचं पाणी मारून काळी फिल्म चिकटवायची आणि हेअर ड्रायरने गरम करून बसवायची. नाहीतर पॉलिश पेपर मारून काळ्या स्प्रेचे दोन-तीन हात आणि वर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर. या दोन्हींत माझ्या दृष्टीने एकच फरक मोठा आहे: फिल्म गरम करून सोलता येते. स्प्रे उतरवायला थिनर लावलात तर ॲक्रिलिकच्या काचेवर बारीक तड्यांचं जाळं उठतं आणि अख्खा दिवा बदलावा लागतो. तेव्हा स्प्रेची बाजू माझ्याकडे कुणी मांडू नये. पुढच्या-मागच्या काचेतून 70 आणि बाजूच्या काचांतून 50 टक्के प्रकाश जायला हवा, या नियमाचा दाखलाही देऊ नये. तो नियम गाडीच्या काचांचा आहे, दिव्यांचा नाही.

आता कंपनीचा स्मोक. तिथे काच धुरकट ठेवायची हे आधी ठरतं, मग तिच्यामागे किती प्रकाश हवा याचा हिशोब होतो, आणि चाचणी होते ती त्या धुरकट काचेसकट. आत बहुतेक लाल एलईडी असतात. लाल एलईडी मुळातच लाल प्रकाश देतो, त्याला लाल काचेची गरज नसते. आपल्या जुन्या हॅचबॅकची गोष्ट उलटी. आत पांढरा बल्ब. त्यात दोन तारा, रात्रीच्या दिव्याला 5 वॅटची आणि ब्रेकला 21 वॅटची. त्या पांढऱ्या प्रकाशातला मोठा भाग लाल काच आधीच गिळते, आणि उरलेल्यावर आपण काळी फिल्म चढवतो. दुपारच्या उन्हात ब्रेक लागलाय की नाही हे मागच्याला कळत नाही, ते यामुळे. इथपर्यंत बहुतेकांना पटतं. पटलं की लगेच उपाय सुचतो: "मग आत जास्त प्रखर एलईडी टाकतो, झालं."

नेमका इथेच घोळ होतो. अशा जुन्या गाडीच्या मागच्या दिव्यात बहुधा दोन वेगळ्या वस्तू एकाच लाल काचेखाली बसलेल्या असतात. एक दिवा, दुसरा रिफ्लेक्टर. दिवा स्वतः उजेड देतो. रिफ्लेक्टरला ना बल्ब, ना वायर. मधमाशीच्या पोळ्यासारखी नक्षी असलेला तो पट्टा नीट बघा. ती नक्षी शोभेची नाही. तो प्रत्येक कण म्हणजे तीन पृष्ठभागांचा एक बारीक कोपरा असतो, आणि त्यात शिरलेला प्रकाश आपटत आपटत जिथून आला त्याच दिशेला परत जातो. मागून येणाऱ्याच्या हेडलाइटचा उजेड त्याच्याच डोळ्यांकडे परत पाठवायचा, हे त्याचं एकमेव काम. गाडी बंद, चावी घरात, बॅटरी उतरलेली असली तरी तो हे काम करतो.

म्हणून काळी फिल्म त्याला दुप्पट मारते. दिव्याचा उजेड फिल्ममधून एकदाच जातो, बाहेर. रिफ्लेक्टरचा उजेड दोनदा जातो: आत येताना एकदा, परतताना पुन्हा. निम्मा प्रकाश सोडणारी फिल्म लावलीत तर दिवा निम्मा राहतो, पण रिफ्लेक्टर पाव उरतो. स्प्रेचा एक हात 70 टक्के प्रकाश सोडतो असं धरा. तीन हातांनंतर दिव्याचे शंभरातले 34 उरतात आणि रिफ्लेक्टरचे जेमतेम 12. आत कितीही वॅटचा एलईडी बसवा, हा 12 चा आकडा हलत नाही. रिफ्लेक्टरचा उजेड आतून येतच नाही.

कंपनीच्या स्मोक्ड दिव्यात ही काळजी आधीच घेतलेली असते. रिफ्लेक्टर बहुधा खाली बंपरात वेगळा, शुद्ध लाल. दिव्यातच असला तर तेवढा भाग धुरकट केलेला नसतो. पुढच्या वेळी पणजीत पार्किंगमध्ये अशी गाडी दिसली की वाकून बघा. केंद्रीय मोटार वाहन नियमांत दिव्यांचा नियम 105 वा आहे आणि रिफ्लेक्टरचा 104 वा, स्वतंत्र. उगाच नाही.

शहरात, खांबाखाली गाडी लावणाऱ्याला यातलं काही जाणवणार नाही. पण आपल्याकडे चवथीला वाड्यावर काय होतं ते आठवा. मुंबई-पुण्याची माणसं गावी आलेली, अंगणात जागा नाही, म्हणून चिऱ्याच्या गडग्याला चिकटून गाड्यांची रांग, अर्धी चाकं डांबरावर. वर पाऊस, वीज गेलेली. एका वर्षी भजन आटोपून मी स्कूटरवरून घरी येत होतो. हेडलाइट तो केवढा, त्यातून पावसाची धार. तीन गाड्यांचे लाल ठिपके लांबूनच दिसले. चौथी गाडी दिसली ती ब्रेक दाबून पाय जमिनीला टेकल्यावर, हाताच्या अंतरावर. तिचे मागचे दिवे काळे होते. ती उभी होती, तेव्हा दिवा लागायचा प्रश्नच नव्हता. त्या क्षणी तिच्याकडे फक्त रिफ्लेक्टर होता आणि तोही झाकलेला. माझी हेल्मेटची काच ओली होती हे खरं, पण आधीचे तीन ठिपके त्याच काचेतून दिसले होते. चोर्ला घाटात धुक्यात बंद पडलेल्या गाडीचंही हेच.

तुमच्या गाडीत रिफ्लेक्टर कुठे आहे हे ओळखायला रात्री गाडी बंद करून वीस-पंचवीस पावलं मागे जा. टॉर्च कानशिलाला, अगदी डोळ्याशेजारी धरा आणि बघा. लखलखतं ते रिफ्लेक्टर. टॉर्च कमरेपाशी धरलात तर काही दिसणार नाही, कारण उजेड टॉर्चकडे परत जातो, डोळ्याकडे नाही. दिवसा शोधायचं तर बऱ्याच काचांवर त्या भागाजवळ इंग्रजी 'आय ए' अशी बारीक अक्षरं कोरलेली सापडतात.

माझं मत विचाराल तर मागचे दिवे काळे करूच नका. मला ते दिसायलाही आवडत नाहीत. गाडीचा लाल दिवा लाल असावा. तरीही हौस असेल तर सर्वांत फिकी फिल्म घ्या, आणि रिफ्लेक्टर, ब्रेक, इंडिकेटर आणि रिव्हर्सचा पांढरा भाग ब्लेडने कापून मोकळे ठेवा. एवढं कापल्यावर फारसं काळं उरत नाही, हे मला ठाऊक आहे.

भाच्याला मी काही समजावलं नाही. रात्री जेवण झाल्यावर त्याच्या हातात टॉर्च दिला आणि माझी गाडी व त्याची गाडी शेजारी शेजारी लावायला सांगितलं. सकाळी तो मामीचा हेअर ड्रायर मागून घेऊन गेला.