नरवाई जाळल्याने जमिनीला खत मिळते का?

इंदूरच्या आसपास ज्यांची वडिलोपार्जित शेती आहे, अशा मराठी घरांत गव्हाची कापणी झाली की एक वाक्य हमखास ऐकू येते: "नरवाई पेटवून द्या, राख म्हणजे फुकटचे खत." कापणीनंतर उभ्या राहिलेल्या खुंटांना माळव्यात नरवाई म्हणतात.

या समजुतीत थोडे तथ्य आहे, म्हणूनच ती टिकली. राखेत पालाश (पोटॅश) असते. परंतु काडातील नत्र (नायट्रोजन) जवळजवळ सगळे आणि गंधकाचा बराच भाग धुरावाटे निघून जातो, सेंद्रिय कर्ब जळून जातो, आणि उरलेली हलकी राखही उन्हाळी वाऱ्यावर उडते. वरच्या थरातील सूक्ष्मजीव होरपळतात, ते वेगळेच.

जाळण्याऐवजी काड जमिनीत गाडले की पुढचे पीक पिवळे पडते, हा आक्षेप मात्र खोटा नाही. गव्हाच्या काडात कर्ब भरपूर आणि नत्र अत्यल्प असल्याने ते कुजवणारे जीवाणू काही काळ जमिनीतलेच नत्र वापरतात. पुढे ते पिकाला परत मिळते. शिवाय माळव्यात गव्हानंतर येणारे सोयाबीन मुळांवरील गाठींतून स्वतःचे नत्र मिळवते, त्यामुळे येथे ही अडचण तुलनेने कमी जाणवते.

गंमत अशी की याच इंदूर शहरात १९२४ साली स्थापन झालेल्या कृषी संशोधन संस्थेत ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी काडीकचरा, शेण, माती आणि थोडी राख थरांनी रचून, ढीग वेळोवेळी उलथून, सुमारे तीन महिन्यांत कंपोस्ट करण्याची रीत बसवली. जगभर ती 'इंदूर पद्धत' म्हणूनच ओळखली जाते.