विंडोज २० टक्के इंटरनेट अडवून ठेवतं?

‘विंडोज २० टक्के स्पीड स्वतःसाठी राखून ठेवतं, ग्रुप पॉलिसीत तो आकडा शून्य करा’ हा मेसेज विंडोज एक्सपीच्या काळापासून फिरतोय. (ग्रुप पॉलिसी म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्ज बदलायची जागा.) ‘लिमिट रिझर्व्हेबल बँडविड्थ’ नावाची सेटिंग खरोखरच आहे, त्यामुळे तो पटणं साहजिक आहे. पण तो आकडा म्हणजे जास्तीत जास्त किती स्पीड राखून ठेवता येईल, याची फक्त मर्यादा. एखाद्या प्रोग्रॅमनं प्राधान्य मागितलं, तर तो डेटा पाठवत असेपर्यंतच तेवढी जागा मिळते. एरवी पूर्ण लाइन सगळ्यांना मोकळी.

पडताळायचंय? केबल लावून स्पीड टेस्ट घ्या, आकडा शून्य करा, रीस्टार्ट करून पुन्हा घ्या; त्या बदलामुळे स्पीड वाढलेला दिसणार नाही. (वायफायवर नको, तिथे आकडे तसेही नाचतात.) स्पीड खरंच कमी वाटत असेल, तर टास्क मॅनेजरमधला ‘नेटवर्क’ रकाना बघा. बहुतेकदा अपडेट किंवा फोटोंचा बॅकअप चालू असतो.