कोजागरीचा चंद्र पुण्याकडूनच येतो

कोजागरी आली की पुण्यातून ताम्हिणीमार्गे दिवेआगर-हरिहरेश्वरकडे गाड्या सुटतात. बेत एकच, समुद्रातून वर येणारा पूर्ण चंद्र बघायचा. वाळूत सतरंज्या पडतात, मंडळी पश्चिमेला तोंड करून बसतात, आणि चंद्र उगवतो तो पाठीमागून, माडांच्या आणि सह्याद्रीच्या डोक्यावरून. म्हणजे ज्या दिशेने आपण घाट उतरून आलो, तिथूनच. रेखांशाचा हिशेब केला तर पुण्यात तो तीन-साडेतीन मिनिटं आधीच उगवलेला असतो!

पौर्णिमेला चंद्र सूर्याच्या समोरासमोर असतो. सूर्य अरबी समुद्रात बुडत असताना चंद्र जमिनीच्याच बाजूने येणार, याला इलाज नाही. पाण्यातून उगवणारा हवा असेल तर पुरी, कोणार्क, महाबलीपुरम गाठावं. कन्याकुमारीला चैत्री पौर्णिमेच्या संध्याकाळी सूर्य एकीकडे समुद्रात मावळताना आणि चंद्र दुसरीकडे उगवताना दिसतो. जवळच भागवायचं तर मुंबईचं अपोलो बंदर. गेटवे ऑफ इंडिया पूर्वेच्या बंदराकडे तोंड करून उभं आहे. पण पलीकडे घारापुरीचे डोंगर आहेत, त्यामुळे चंद्र पाण्यातून आला असं शपथेवर सांगता येणार नाही.

मग चंद्रोदय आणि समुद्र ही जोडी आपल्या डोक्यात बसली कशी? बरीचशी संस्कृत काव्यामुळे. चंद्र उगवला की सागर उचंबळतो, हा तिथला ठरलेला संकेत. ‘कुमारसंभवा’च्या तिसऱ्या सर्गात पार्वतीसमोर शंकराचं धैर्य किंचित ढळतं, तेव्हा कालिदास त्याला चंद्रोदयाच्या आरंभीच्या समुद्राची उपमा देतो. त्यातला ‘आरंभ’ मला फार नेमका वाटतो. कोकणात भरतीचा एक तोंडी हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणून भरती तीनच्या सुमाराला. पौर्णिमेची तिथी पंधरावी, म्हणून सकाळी आणि रात्री सव्वाअकराच्या पुढेमागे. दोन भरत्यांच्या मधली ओहोटी मग संध्याकाळी पाच-सहाला येते. चंद्र डोंगराआडून डोकावतो तेव्हा पुळण लांबवर उघडी पडलेली असते आणि पाणी नुकतंच फिरलेलं असतं. उचंबळणं झालेलं नसतं, त्याला सुरुवात झालेली असते. कालिदासाने कोकणातली वेळ धरून हे लिहिलं असेल असं मुळीच नाही, पण जमतं चपखल. उधाणाचं पाणी सतरंजीपाशी येतं ते मसाला दूध संपल्यावर.

जागरणही जुनंच. कामसूत्रातल्या उत्सवांच्या यादीत ‘कौमुदीजागर’ आहे. ‘को जागर्ति’ असं विचारत लक्ष्मी फिरते, ही कथा घरोघरी माहीत आहे. या दिवशी घरातल्या थोरल्या अपत्याला ओवाळायची रीत आहे. कोकणात हीच नवान्न पौर्णिमा, नव्या भाताची. आटीव दुधाची पातेली मात्र पुण्यात आता सोसायटीच्या गच्चीवर जास्त दिसतात.

चंद्र बघणाऱ्यांनी पंचांगातली एक खुबी लक्षात ठेवावी. कोजागरीला मध्यरात्री पौर्णिमा असावी लागते, म्हणून कॅलेंडरात कधी कधी कोजागरी आज आणि पौर्णिमा उद्या अशी नोंद सापडते. तसं असेल तर चंद्र सूर्यास्ताच्या आधीच वर आलेला असतो, उजेडात फिकट दिसतो, आणि लोक ‘एवढाच?’ म्हणतात. तिथींच्या असल्या गुंत्याचा इतिहास 1896 साली ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या ग्रंथात मांडणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित हे रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुरूडचे. पुढे ते पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकवत. समुद्रात चंद्र मावळतो, उगवत नाही, हे त्या किनाऱ्यावरच्या पोराला ग्रंथात शोधावं लागलं नसेल.

आणि मावळतो तो बघण्यासारखा. पहाटे सहाच्या आसपास पुन्हा ओहोटी असते, चंद्र तांबूस होत पाण्याकडे झुकतो, मागे सह्याद्रीवर फटफटायला लागतं. पुण्याहून आलेली मंडळी तेव्हा खोल्यांत गाढ झोपलेली असतात.