दीडशे एएचची बॅटरी दीडशे एएच का देत नाही?

"दीडशे एएचच्या दोन बॅटऱ्या घ्या, ऑफिस तीन तास आरामात चालेल." ऑफिससाठी इन्व्हर्टर घ्यायला गेलात की हे वाक्य हमखास कानावर पडतं. त्यामागचा हिशेब साधा असतो. १२ व्होल्ट गुणिले १५० अँपिअर-अवर (एएच) म्हणजे १८०० वॅट-अवर, वीजबिलाच्या भाषेत १.८ युनिट. दोन बॅटऱ्यांत ३.६ युनिट. ऑफिसचा लोड ९०० वॅट, म्हणजे चार तास. थोडी घट धरली तरी तीन तास कुठे गेले नाहीत! प्रत्यक्षात नव्याकोऱ्या बॅटऱ्याही अडीच तासांच्या आत मान टाकतात. मग दुकानदाराने जुना माल दिला, कंपनीने फसवलं, अशी बोलणी सुरू होतात. बहुतेक वेळा यातलं काहीच घडलेलं नसतं. गुणाकारच चुकीच्या ठिकाणी वापरलेला असतो.

आधी हे ९०० वॅट आले कुठून ते पाहू. एखाद्या सीएचं आठ जणांचं ऑफिस घ्या. प्रत्येकी ४० वॅटचे सहा लॅपटॉप, मॉनिटरसकट १०० वॅटचे दोन डेस्कटॉप, ७५ वॅटचे चार पंखे, २० वॅटच्या पाच एलईडी ट्यूब आणि राउटर, सीसीटीव्ही वगैरेंचे मिळून ६०. एसी यात नाही, पाण्याचा कूलर नाही आणि लेझर प्रिंटरही नाही. प्रिंटरचा रोलर तापताना काही क्षण शेकडो वॅट खेचतो आणि इन्व्हर्टर ओव्हरलोड होऊन बंद पडू शकतो.

किती तासांचा बॅकअप हवा, हे आपल्या भागातल्या अनुभवावरून ठरवावं. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी अख्ख्या मुंबईची वीज गेली आणि काही भागांत ती यायला कित्येक तास लागले. पण अशा विरळा दिवसासाठी बॅटऱ्या घेणं परवडत नाही, त्याला भाड्याचा जनरेटर बरा. देखभालीच्या शटडाउनसाठी आणि पावसाळ्यातल्या फॉल्टसाठी तीन तास धरू.

आता मूळ मुद्दा. बॅटरीवर १५०च्या आकड्याशेजारी बारीक अक्षरात 'सी-२०' लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ असा की ही क्षमता २० तासांत सावकाश बॅटरी उतरवून मोजली आहे. म्हणजे प्रवाह फक्त साडेसात अँपिअर. आपल्या ऑफिसचं काय? इन्व्हर्टरची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर ९०० वॅटसाठी बॅटरीतून सुमारे १०६० वॅट निघतात. एकापुढे एक जोडलेल्या दोन बॅटऱ्यांच्या २४ व्होल्टला भागलं की ४४ अँपिअर. चाचणीच्या जवळजवळ सहापट!

आपण बॅटरीला पाण्याची टाकी समजतो. नळ बारीक सोडा की मोठा, पाणी तेवढंच निघणार. इन्व्हर्टरची नेहमीची शिसे-आम्ल बॅटरी तशी वागत नाही, आणि त्याचं कारण फार सुंदर आहे. तिच्या प्लेटा भरीव नसतात, त्यांत असंख्य सूक्ष्म छिद्रं असतात. एका प्लेटीत शिसं, दुसरीत शिशाचा डायऑक्साइड, मध्ये सल्फ्युरिक आम्ल. वीज देताना दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट बनतं आणि त्यात आम्ल खर्च होतं. म्हणजे इथे आम्ल नुसतं विजेची वाट नसून प्लेटांइतकंच तेही इंधन आहे. छिद्रांच्या आतलं आम्ल संपलं की बाहेरचं आत झिरपावं लागतं, आणि हे झिरपणं संथ असतं. साडेसात अँपिअरला पुरवठा निभावतो. ४४ अँपिअरला मात्र आतलं आम्ल पातळ होत जातं, पृष्ठभागावर जमलेलं सल्फेट छिद्रांची तोंडं बुजवतं आणि प्लेटेच्या गाभ्यातलं शिसं तसंच पडून राहतं. व्होल्टेज कोसळतं, इन्व्हर्टर 'लो बॅटरी' म्हणून थांबतो. अर्ध्या तासाने सुरू केला तर काही मिनिटं पुन्हा चालतोही, कारण तेवढ्यात थोडं आम्ल आत पोचलेलं असतं.

    

विल्हेल्म पॉयकर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ मध्ये जास्त प्रवाहाला होणारी ही घट सूत्रात बसवली. १५० ला (प्रवाह गुणिले २०) ने भागायचं, आलेल्या संख्येचा 'के' घात घ्यायचा आणि २० ने गुणायचं. उत्तर तासांत मिळतं. शिसे-आम्ल बॅटरीसाठी 'के' साधारण १.१ ते १.३. आपण १.२ घेऊ. १५० भागिले ८८० म्हणजे ०.१७. त्याचा १.२ घात ०.१२. गुणिले २०, म्हणजे २.४ तास. तेही बॅटरी पूर्ण रिकामी करून. आयुष्य टिकावं म्हणून ८० टक्केच वापरली आणि काही वर्षांनी क्षमता ८० टक्क्यांवर आली, तर हातात राहतो जेमतेम दीड तास.

आता चार बॅटऱ्या लावा, ४८ व्होल्ट. प्रवाह २२ अँपिअर. तेच सूत्र ५.५ तास देतं. बॅटऱ्या दुप्पट, वेळ मात्र सव्वादोन पटीहून जास्त! वरची दोन्ही कपात करूनही साडेतीन तास उरतात. आपल्या ऑफिसचं उत्तर हे: चार बॅटऱ्या.

हाच घात लोड कमी करणाऱ्यालाही फळतो. चारही पंखे ३० वॅटचे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचे) बसवले की १८० वॅट वाचतात. लोड २० टक्क्यांनी घटतो, वेळ ३० टक्क्यांनी वाढतो. म्हणून बॅटरीआधी पंखे बदला, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

लिथियम आयर्न फॉस्फेट या दुसऱ्या प्रकारच्या बॅटरीत हा त्रास नगण्य असतो. तिथे इलेक्ट्रोलाइट, म्हणजे मधलं द्रावण, खर्च होत नाही, लिथियमचे आयन त्यातून फक्त ये-जा करतात. 'के' एकाच्या अगदी जवळ, त्यामुळे साधा गुणाकार बराचसा खरा ठरतो. ५१.२ व्होल्ट, १०० एएचचा एक पॅक म्हणजे ५.१२ युनिट. ९० टक्के वापरला तरी आपलं ऑफिस चार तासांहून जास्त चालतं. सुरुवातीची किंमत जास्त, पण पाणी भरण्याची कटकट नाही.

शिसे-आम्ल घेतलीत तर चार्जिंगकडे लक्ष द्या. तीन तासांत २२ अँपिअरने ६६ एएच निघाले, की १५ अँपिअरच्या चार्जरला ते परत भरायला घट धरून सहा-सात तास लागतात. दुपारी एकला वीज आली तर बॅटरी रात्री आठच्या सुमारास पूर्ण भरेल. आणि अनेक ऑफिसांत संध्याकाळी सातला शेवटचा माणूस मेन स्विच बंद करून निघतो! शनिवारी असं झालं, की अर्धवट भरलेल्या बॅटऱ्या सोमवारपर्यंत तशाच राहतात. प्लेटांवरच्या सल्फेटचे स्फटिक तेवढ्यात मोठे आणि कठीण होऊ लागतात आणि मग ते चार्जिंगला दाद देत नाहीत. इन्व्हर्टरची लाइन त्या मेन स्विचच्या आधीच वेगळी काढून, तिला स्वतंत्र एमसीबी लावून घ्या.