गायतोंडे ‘नुसते रंग फासत’ नव्हते

‘ज्याला हात-पाय-नाक धड काढता येत नाही, तो अमूर्ताकडे वळतो आणि नुसते रंग फासतो.’ ओळखीचे आकार टाळून अमूर्त चित्रं काढणारे चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचं नाव निघालं की हे ठेवणीतलं वाक्य कुणीतरी टाकतंच. साफ चूक आहे ते. गायतोंडे १९४८ साली मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून पदविका घेऊन बाहेर पडले. त्यांच्या सुरुवातीच्या चित्रांत माणसं आहेत, भारतीय लघुचित्रांचा अभ्यास दिसतो. आकार सोडले ते जमत नव्हते म्हणून नव्हे.

आणि फासणं म्हणाल, तर रोलरने रंगाचा थर द्यायचा, सुरीने तो खरवडायचा, त्यावर पुन्हा पातळ थर. कधी फाडलेल्या कागदाचे तुकडे वापरून आकार उमटवायचे. खालचा रंग वरच्यातून झिरपत राहतो. छापील फोटोत यातलं फारसं काही उतरत नाही; गैरसमज फोफावला तो बहुधा त्यामुळेच. वर्षाकाठी जेमतेम पाच-सहा कॅनव्हास पुरे व्हायचे. एवढ्या सावकाशीने कोण फासतं हो?

२०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयाने त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं. आपल्याकडे, नागपुरात जन्मलेल्या या गोवेकराबद्दलची चर्चा लिलावातल्या कोटींपुढे सरकत नाही. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या संग्रहातही त्यांची चित्रं आहेत, हे किती मुंबईकरांना ठाऊक असेल?